वाटणीची वही

कुंभकोणम हे देवळांचे गाव. तेथून तिरुप्पुरम्बियमकडे जाणाऱ्या वाटेवर, भातखाचरांच्या सोबतीने वसलेले इन्नंबूर नावाचे एक लहानसे खेडे आहे. या खेड्यातील शंकराचे नाव मोठे विलक्षण आहे. त्याला एळुत्तरिनादर म्हणतात. तमिळ भाषेत ‘एळुत्तु’ म्हणजे अक्षर किंवा लिखाण, आणि ‘अरि’ म्हणजे जाणणे. अक्षर जाणणारा तो हा नाथ. संस्कृतात त्याचे अक्षरपुरीश्वर झाले. शैव संत अप्पर यांनी सातव्या शतकात या देवाची स्तुती गायिली, त्यावरून स्थानाचे प्राचीनत्व ध्यानी यावे. मुलाला शाळेत घालण्यापूर्वी येथे आणून त्याच्या जिभेवर अक्षर रेखण्याचा प्रघात आहे.

देवाला हे नाव कसे पडले याची स्थलपुराणातील कथा अशी. चोळ राजाच्या अमदानीत या देवस्थानाचा हिशेब सुदन्मन् नावाचा एक कारकून पाहत असे. माणूस प्रामाणिक होता. तथापि राजाच्या मनात त्याच्या हिशेबाविषयी किंतु आला आणि वही घेऊन हजर होण्याचा हुकूम सुटला. सुदन्मन् घाबरला व देवाला शरण गेला. तेव्हा प्रत्यक्ष शंकरानेच कारकुनाचे रूप घेतले, दरबारात जाऊन एकेक रकम राजाला समजावून दिली आणि त्याची खात्री पटविली. खरा कारकून मागाहून तेथे पोहोचला, तेव्हा राजाला काय घडले ते उमगले. मराठी माणसाला ही कथा ऐकताना मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवल्याखेरीज राहणार नाहीत. बेदरच्या दरबारी विठू महार होऊन धान्याची किंमत भरणारा आणि रीतसर पावती घेणारा पांडुरंग व इन्नंबूरचा हा हिशेबनीस शंकर यांचे नाते अगदी जवळचे आहे. शस्त्र उचलणारे देव आपल्या पुराणांत पुष्कळ आहेत. भक्तासाठी दप्तर उचलणारे मात्र थोडे.

या कथेत एक बारकावा आहे. देवस्थानाच्या जमिनी कोठे गेल्या नव्हत्या. कोठारातील भातही जागच्या जागी होते. संकट आले होते ते वहीवर. कोणती जमीन कोठून कोठवर आणि तिचे उत्पन्न कोणाकडे, हे सांगणारा कागद खरा की खोटा, एवढ्याच गोष्टीवर एका माणसाचा जीव टांगणीला लागला होता. आज घरोघरी जे संगणक दिसतात त्यांच्या पोटात अशीच एक वही असते. जुन्या घडणीच्या संगणकात तिचा आकार अवघ्या ६४ बाइटांचा, म्हणजे इंग्रजी लिपीतील ६४ अक्षरे मावतील इतका असे. घरातील छायाचित्रे, पत्रव्यवहार, मुलांचा अभ्यास, आईच्या आवाजातील ध्वनिमुद्रण हे सारे हार्ड डिस्कवर जेथल्या तेथे असूनही ती वही बिघडली की संगणकाच्या लेखी काहीच उरत नाही. हार्ड डिस्कचे खण, म्हणजे ज्यांना सर्वत्र पार्टिशन म्हणतात ते, कसे निर्माण झाले आणि ते सांभाळताना गृहस्थाच्या पदरी काय येते, याचा इतिहास वस्तुतः या वहीचाच इतिहास आहे.

वाटणी ही बाब कावेरीच्या खोऱ्यात मराठ्यांना चांगलीच परिचयाची आहे. शहाजीराजे १६६४ साली निवर्तले. त्यानंतर काही वर्षांनी एकोजीराजांनी तंजावर हस्तगत केले. १६७७ साली कर्नाटकच्या स्वारीत शिवाजीमहाराज कोलेरून नदीच्या काठी तिरुमळवाडी येथे उतरले आणि तेथे दोघा भावांची भेट झाली. वडिलांच्या दौलतीतील अर्धा वाटा हा भेटीचा विषय होता. बोलणे जुळले नाही. एकोजीराजे रात्रीच नदी उतरून तंजावरास निघून गेले. पुढे लढाई झाली आणि सलूखही झाला. या साऱ्या घडामोडीत जमिनीचे एक ढेकूळदेखील जागचे हलले नाही. फिरले ते कागद: कोणता परगणा कोणाच्या नावे, कोणत्या ठाण्याचा वसूल कोणाच्या खजिन्यात.

पुढे १८५५ पर्यंत तंजावरास भोसल्यांचे राज्य नांदले. सरफोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर आपल्या कुळाचा इतिहास मराठीत कोरविला. दरबारचा रोजचा हिशेब मात्र मोडीत चाले आणि त्याचे बस्ते आजही तंजावरात जतन केलेले आहेत. मोडी वाचणारे लोक विरळ होत गेले, तसतसे त्या कागदांतले जग मुके झाले. कागद शाबूत, शाई शाबूत. वाचण्याची किल्ली तेवढी हरवत चाललेली. संगणकाच्या बाबतीतही नेमके असेच घडू शकते आणि तेथे त्याला दोनशे वर्षे लागत नाहीत, एक क्षण पुरतो.

हार्ड डिस्क म्हणजे एक अफाट शिवार आहे असे समजावे. त्याचे सारख्या आकाराचे लहान लहान वाफे पाडलेले असतात. त्यांना सेक्टर म्हणतात. दीर्घकाळपर्यंत एका सेक्टरात ५१२ बाइट मावत. या सेक्टरांना शून्यापासून ओळीने क्रमांक दिलेले असतात, जसे गावच्या जमिनीला गट क्रमांक. या शिवारात खरी भिंत किंवा बांध कोठेच नसतो. अमुक क्रमांकापासून अमुक इतके सेक्टर हा पहिला खण, त्यापुढचे इतके हा दुसरा, अशी नोंद तेवढी एका ठिकाणी लिहून ठेवलेली असते. डिस्कचा अगदी पहिला सेक्टर हे या गावच्या तलाठ्याचे दप्तर होय. त्याच्या ५१२ बाइटांपैकी पहिले ४४६ संगणक सुरू करण्याच्या सूचनांसाठी राखलेले, शेवटचे दोन ओळखीच्या शिक्क्यासाठी आणि मधले ६४ वाटणीसाठी. एका खणाच्या नोंदीला १६ बाइट लागतात. त्यात खण कोठून सुरू होतो, किती लांब आहे, कोणत्या जातीचा आहे आणि संगणकाने सुरू होताना त्याच्याकडे जायचे की नाही, एवढा मजकूर बसतो. साहजिकच ६४ बाइटांत अशा चारच नोंदी मावतात. चार खणांची ही मर्यादा कोण्या शास्त्रीय सिद्धांतातून आलेली नाही. जागा तेवढीच उरली होती.

ही रीत रूढ झाली ती १९८३ सालच्या मार्च महिन्यात. त्याआधीही मोठ्या संगणकांवर डिस्क होत्या. आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणलेल्या पहिल्या डिस्कयंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सगळ्यांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. पुढे १९७० च्या दशकात युनिक्स प्रणालीने मोठ्या डिस्कचे ठरावीक तुकडे पाडून प्रत्येक तुकडा स्वतंत्र डिस्क आहे असे मानण्याची वहिवाट पाडली होती. परंतु या गोष्टी विद्यापीठांच्या आणि कचेऱ्यांच्या होत्या. ८ मार्च १९८३ रोजी आयबीएमने पीसी एक्सटी हा संगणक जाहीर केला आणि त्यात १० मेगाबाइटांची हार्ड डिस्क बसविली. सोबत पीसी डॉसची दुसरी आवृत्ती आली व तिच्याबरोबर एफडिस्क नावाचा वाटणी करणारा कारकून आला.

दहा मेगाबाइट म्हणजे आजच्या हिशेबाने दोन-तीन छायाचित्रांची जागा. एवढ्याशा जागेची वाटणी कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. कारण असे की, त्या काळी छोट्या संगणकावर कोणती कार्यप्रणाली टिकेल हे ठरलेले नव्हते. डॉस होती, सीपी/एम-८६ होती, यूसीएसडी पी-सिस्टिम होती. प्रत्येकीची लिहिण्याची पद्धत निराळी. एकीने लिहिलेले दुसरीला कळत नसे आणि न कळलेली जागा रिकामी समजून ती त्यावर लिहून मोकळी होई. एका घरात राहणाऱ्या चार जावांनी आपापली चूल वेगळी मांडावी, त्यातला हा प्रकार. एकमेकींच्या हद्दी एकमेकींना ठाऊक असाव्यात म्हणून सर्वांना वाचता येईल अशी एक सामायिक नोंद हवी होती. ती नोंद म्हणजे वर सांगितलेले ६४ बाइट.

येथून पुढचा काळ हा अरुंद रकान्यांचा काळ आहे. वहीत आकडा लिहायला किती जागा सोडायची हे ठरविणाऱ्या माणसाला पुढची पिढी दिसत नसते, हे सरकारी दप्तरांत वावरलेल्या कोणालाही ठाऊक आहे. डॉसच्या फाइल-पद्धतीत एका खणातील सेक्टरांची संख्या लिहायला १६ अंकस्थाने दिलेली होती, आणि संगणकाचे अंक शून्य व एक एवढेच असल्यामुळे तेथे ६५,५३६ च्या पुढे मोजता येत नसे. त्याला ५१२ ने गुणले की ३२ मेगाबाइट होतात. म्हणजे डिस्क कितीही मोठी असो, डॉसचा एक खण ३२ मेगाबाइटांपलीकडे जाऊ शकत नव्हता. डिस्क तर वाढू लागल्या होत्या. १९८७ च्या एप्रिलमध्ये आलेल्या डॉसच्या ३.३ या आवृत्तीने त्यावर तोड काढली. चारांपैकी एका खणाला ‘विस्तारित’ म्हणायचे आणि त्याच्या पोटात आणखी खण पाडायचे. या पोटखणांची नोंद मूळ वहीत मावत नव्हती, म्हणून प्रत्येक पोटखणाच्या दाराशी एकेक चिठ्ठी ठेवली, आणि प्रत्येक चिठ्ठीत पुढच्या चिठ्ठीचा पत्ता लिहिला. युक्ती चांगली होती. पण साखळीतील एक चिठ्ठी फाटली की तिच्या पुढचे सारे खण बेपत्ता होत. तात्पुरती म्हणून केलेली ही सोय पुढे वीस वर्षांहून अधिक काळ चालली.

३२ मेगाबाइटांची भिंत पुढच्या आवृत्त्यांनी पाडली आणि मर्यादा दोन गिगाबाइटांवर गेली. पण त्या वाढीची किंमत निराळ्या मार्गाने वसूल झाली. येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण घरोघरचे संगणक विभागले जाण्याचे खरे कारण यात सापडते. फाइलीला जागा द्यायची ती एकेक सेक्टर मोजून दिली जात नसे, सेक्टरांचा एक गठ्ठा एकदम दिला जाई. अशा गठ्ठ्याला क्लस्टर म्हणतात. गठ्ठ्यांची एकूण संख्या साधारण ६५ हजारांवर जाऊ शकत नसल्याने खण जितका मोठा, तितका गठ्ठा मोठा करावा लागे. दोन गिगाबाइटांच्या खणात एक गठ्ठा ३२ किलोबाइटांचा होई. परिणामी दोन ओळींची चिठ्ठी लिहून ठेवली तरी तिच्या नावे ३२ किलोबाइट खर्ची पडत. सरासरीने फाइलीमागे अर्धा गठ्ठा वाया जातो असे धरले, तर दहा हजार फाइलींमागे दीडशे मेगाबाइटांहून अधिक जागा नुसती अडून राहिली. खण लहान केले की गठ्ठे लहान होत आणि ही नासाडी कमी होई. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचा अनुभव याच्या नेमका उलटा आहे. तेथे वाटण्या होत गेल्या, तुकडे लहान झाले, आणि बांधाखाली जाणारी जमीन वाढत गेली. म्हणून तर मुंबई सरकारला १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा करावा लागला. डिस्कच्या शिवारात मात्र तुकडे करणारा शहाणा ठरत होता.

१९८४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने संगणकविषयक नवे धोरण जाहीर केले आणि त्यानंतर आपल्याकडे घरगुती संगणकाची वाट हळूहळू मोकळी झाली. पुढील दशकात शहरोशहरी सुटे भाग जुळवून संगणक तयार करून देणारी दुकाने निघाली, आणि या दुकानदारांनीच भारतीय घरांना वाटणीची सवय लावली. ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखलेली असल्याने हार्ड डिस्कचा पहिला खण सी. त्यात विंडोज. मग डी आणि ई. डी मध्ये गाणी व चित्रपट, ई मध्ये घरचे फोटो, असा एक अलिखित रिवाज पडून गेला. त्याला व्यावहारिक आधार होता. विंडोज वारंवार बिघडे, विषाणूंचा उपद्रव होई. अशा वेळी दुकानदार सी खण पुसून विंडोज नव्याने घाली आणि डी-ई ला हात लावीत नसे. घरचा ऐवज वाचे. १९९६ साली आलेल्या फॅट-३२ या पद्धतीने गठ्ठ्यांची नासाडी बहुतांशी संपविली, तरीही वाटणीची रीत चालूच राहिली.

इन्नंबूरच्या परिसरात या वाटणीचा आणखी एक अवतार पोहोचला. तमिळनाडू सरकारने सप्टेंबर २०११ मध्ये सरकारी व अनुदानित शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली. त्या लॅपटॉपांत विंडोजच्या शेजारी बॉस लिनक्स ही प्रणालीही घातलेली असे. बॉस ही चेन्नईच्या सी-डॅक संस्थेत घडलेली भारतीय प्रणाली. एका डिस्कवर दोन प्रणाली नांदवायच्या म्हणजे दोघींचे खण वेगळे हवेत. १९८३ साली ज्या गरजेतून ती चार नोंदींची वही जन्मली, तीच गरज अशा रीतीने अठ्ठावीस वर्षांनी कावेरीकाठच्या विद्यार्थ्यांच्या दप्तरात येऊन बसली.

कुंभकोणमचा विषय निघाला आहे, आणि विभाजनाचाही, तेव्हा एका नावाला वळसा घालून पुढे जाणे बरे नव्हे. श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण कुंभकोणमच्या सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरील घरात गेले. गणितात ‘पार्टिशन’ या नावाचाच एक प्रश्न आहे: एखादी पूर्ण संख्या लहान पूर्ण संख्यांच्या बेरजेत किती प्रकारांनी मांडता येईल? चार या संख्येचे पाच प्रकार होतात. नुसते चार, तीन आणि एक, दोन आणि दोन, दोन, एक आणि एक, आणि चार वेळा एक. संख्या वाढली की प्रकारांची संख्या अकल्पित वेगाने वाढते. हार्डी आणि रामानुजन यांनी १९१८ साली या वाढीचे जे सूत्र दिले ते गणिताच्या इतिहासात अमर झाले. त्या वेळी २०० या संख्येची विभाजने पर्सी मॅकमहन यांनी हाताने मोजून काढली होती. ती ३९,७२,९९,९०,२९,३८८ भरली, म्हणजे चार लाख कोटींना थोडी कमी. २०० गिगाबाइटांची डिस्क पूर्ण गिगाबाइटांच्या खणांत किती प्रकारे विभागता येईल, या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. खणांची क्रमवारी यात धरलेलीही नाही. या अफाट संख्येतून आपले घर नेमका कोणता प्रकार निवडते याला गणितात उत्तर नाही. बहुधा दुकानदार जो देईल तो.

वाटणी एकदा झाली की ती चुकल्याचे यथावकाश ध्यानात येते. सी चा खण भरत येतो आणि डी अर्धा रिकामा पडून राहतो. जुन्या काळी यावर एकच उपाय असे: सारे पुसून पुन्हा मांडणे. १९९० च्या दशकाच्या मध्यास पॉवरक्वेस्ट कंपनीचा पार्टिशनमॅजिक हा प्रोग्रॅम आला, आणि आतील ऐवज न हलविता हद्द सरकविण्याची सोय सामान्य माणसाला मिळाली. पुढे लिनक्सच्या जगात जीपार्टेड आला. विंडोजने व्हिस्टा आवृत्तीपासून, म्हणजे २००७ पासून, खण आखडण्याची व वाढविण्याची व्यवस्था आपल्या ‘डिस्क मॅनेजमेंट’ या खिडकीतच दिली. तिचे नियम मात्र जमिनीच्या नियमांसारखेच आहेत. आपला खण वाढवायचा तर त्याला लागून, आणि तीही उजव्या बाजूला, मोकळी जागा हवी. मध्ये दुसऱ्याचा खण असेल तर पलीकडची पडीक जमीन उपयोगाची नाही. आखडायचे तर मागल्या टोकाला न हलणारी एखादी फाइल बसून असेल तेथेच आखडणे थांबते. खणाची सुरुवात डावीकडे सरकवायची असेल, तर आतले एकेक अक्षर उचलून नव्या जागी लिहावे लागते. त्याला तासन् तास लागू शकतात, आणि मध्येच वीज गेली तर अर्धा ऐवज जुन्या पत्त्यावर व अर्धा नव्या पत्त्यावर अशी अवस्था होते. म्हणून जाणकार माणूस असे काम काढण्यापूर्वी दोन गोष्टी पाहतो. विजेची हमी आहे ना, आणि ऐवजाची नक्कल दुसऱ्या, निराळ्या डिस्कवर उतरविली आहे ना.

‘निराळ्या’ या शब्दावर येथे जोर द्यावा लागतो. सी मधले फोटो डी मध्ये उतरविले म्हणजे ते सुरक्षित झाले, हा समज घराघरांतून इतका दृढ झालेला आहे की त्यापायी कित्येक कुटुंबांचे संग्रह नाहीसे झाले असतील. प्रणाली बिघडली तर डी वाचतो हे खरे. पण सी आणि डी एकाच तबकडीचे भाग आहेत. यंत्र बंद पडले, लॅपटॉप चोरीला गेला, घरात पाणी शिरले, तर दोन्ही एकदमच जातात. एका घरात दोन तिजोऱ्या ठेवल्या तरी घराला आग लागली की दोन्ही तापतात.

उलट वहीच बिघडली, आणि तबकडी धडधाकट असली, तर निराश होण्याचे कारण नसते. जुन्या फिरत्या तबकडीवरून खण पुसला म्हणजे बहुधा १६ बाइटांची एक नोंद पुसली जाते. आतला ऐवज कोणी त्यावर लिहीपर्यंत तसाच राहतो. फ्रान्सच्या क्रिस्तॉफ ग्रेनिए यांनी रचलेला टेस्टडिस्क हा प्रोग्रॅम सबंध शिवार पालथे घालतो, प्रत्येक खणाच्या आरंभीच्या खुणा शोधतो आणि त्यांवरून हरवलेली वही पुन्हा लिहून देतो. तो कोणालाही विनामूल्य मिळतो. त्याचे काम पाहिले म्हणजे इन्नंबूरचा कारकून आठवतो. मात्र अट एकच: बिघाड ध्यानात आल्यावर त्या डिस्कवर काहीही नवे लिहिता कामा नये. घाबरून जाऊन विंडोज पुन्हा घालण्याची घाई करणारा माणूस आपल्याच हाताने जुन्या नोंदींवर नांगर फिरवितो.

मूळ वहीचा शेवटचा अरुंद रकाना २०१० च्या सुमारास आडवा आला. खणाचा आरंभ आणि लांबी लिहायला तिच्यात ३२ अंकस्थाने होती; त्यांत ५१२ बाइटांच्या सेक्टरांनी दोन टेराबाइटांपलीकडे मोजता येत नाही. त्या वर्षी तीन टेराबाइटांच्या डिस्क बाजारात आल्या. जुन्या वहीवर चालणाऱ्या संगणकात त्यांचा उरलेला हिस्सा नकाशाबाहेरच्या जमिनीसारखा पडून राहू लागला. नवी वही तयारच होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इंटेल कंपनीत आकाराला आलेल्या या पद्धतीला जीपीटी म्हणतात. तिच्यात सामान्यतः १२८ खणांची सोय असते आणि आकडे लिहायला ६४ अंकस्थाने आहेत. परंतु तिची मोठी थोरवी निराळीच आहे. या वहीची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते, आणि दोन्हींवर पडताळ्याचा अंक लिहिलेला असतो. एक प्रत बिघडली तर तो अंक जुळत नाही आणि दुसरीवरून ती दुरुस्त करता येते. मूळ दप्तर आणि त्याची नक्कल दोन जागी ठेवण्याची ही साधी शिस्त संगणकाच्या वाटणीत यायला जवळजवळ वीस वर्षे लागली, हे नवलच म्हणायचे.

५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेली विंडोज ११ ही प्रणाली नव्या वहीचाच आग्रह धरते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा ज्या घरांतील चांगल्या चालणाऱ्या संगणकांवर जुनी वही होती त्यांच्यापुढे ती बदलण्याचा प्रश्न आला. मायक्रोसॉफ्टने २०१७ पासून त्यासाठी एमबीआर२जीपीटी नावाचे साधन विंडोजमध्येच दिलेले आहे. ते आतला ऐवज न हलविता वही तेवढी बदलते. मात्र जुन्या वहीत तीनांहून अधिक मुख्य खण असतील तर ते काम नाकारते, कारण नव्या पद्धतीला आरंभाचा असा एक खास खण लागतो आणि त्याला जागा ठेवावी लागते. ज्यांनी चारही नोंदी भरून टाकल्या होत्या त्यांना आधी एक खण मोडावा लागला.

गृहस्थाच्या नजरेआड असलेल्या खणांचा प्रश्न तर अलीकडेच चव्हाट्यावर आला. विंडोज स्वतःच्या दुरुस्तीसाठी एक छोटा खण राखून ठेवते. त्याला अक्षर नसते, त्यामुळे तो कोणाला दिसत नाही. ९ जानेवारी २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने या खणातील एक सुरक्षादोष दूर करणारी सुधारणा पाठविली. त्या दोषामुळे संगणक हाती पडलेल्या परक्या माणसाला कुलूपबंद माहितीपर्यंत पोहोचता आले असते. पण असंख्य संगणकांवर तो खण इतका तोकडा निघाला की सुधारणा त्यात मावेचना, आणि पडद्यावर एक अगम्य आकडा दाखवून काम थांबले. कंपनीने सांगितलेला उपाय असा होता की, वापरणाऱ्याने स्वतः आज्ञा लिहून मुख्य खण २५० मेगाबाइटांनी आखडावा, दुरुस्तीचा खण मोडावा आणि तो मोठा करून पुन्हा बांधावा. ज्यांनी आयुष्यात कधी पार्टिशन हा शब्द ऐकला नव्हता अशा लोकांवर तलाठ्याचे काम येऊन पडले. रकाना किती रुंद सोडावा, हा १९८३ चाच प्रश्न ४१ वर्षांनी पुन्हा समोर उभा राहिला होता.

मध्यंतरी शिवारच बदलले आहे. फिरत्या तबकडीची जागा घरगुती संगणकांत आता बहुतांशी एसएसडीने घेतली. तबकडीवर पहिला खण खरोखर बाहेरच्या वर्तुळांवर असे आणि शेवटचा आतल्या. हद्द निदान बोट ठेवून दाखविता आली असती. एसएसडीत तसे नाही. तिच्यातील नियंत्रक लिहिण्याचे काम सर्व चिपांवर सारखे पसरवीत राहतो, म्हणजे एकाच जागेची झीज होऊ नये. सी खणातील पत्र आणि डी खणातील फोटो एकाच चिपमध्ये शेजारी-शेजारी असू शकतात, आणि उद्या ते दुसरीकडे गेलेले असतात. शिवाय खण फॉर्मॅट केला की ही जागा आता मोकळी समजावी असे प्रणाली एसएसडीला कळविते, आणि मग पूर्वीसारखा ऐवज शोधून काढण्याची आशा फारशी उरत नाही. ॲपलने २०१७ साली आपल्या संगणकांवर आणलेल्या एपीएफएस या पद्धतीत तर खणांना ठरावीक आकारही नाही. एका मोठ्या कोठारातून प्रत्येक जण लागेल तसे घेतो, जसे एकत्र कुटुंबात प्रत्येकाची खोली वेगळी असली तरी धान्याची कणगी एकच असावी. बांध, दगड, वर्तुळ काहीच आता राहिलेले नाही. कोणता ऐवज कोणत्या खणातला, हे सांगणारी केवळ वही राहिली आहे, आणि तिच्याही दोन प्रती आहेत.